वरच्याने लाइन सोडली

गोंदिया जिल्ह्यात वीज वापरणारे सगळेच आहेत, विजेवरून भांडणारे गल्लोगल्ली आहेत, आकडा टाकून ती फुकटात घेणारेही आहेत म्हणतात. पण वीज ऐकणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच घराच्या वरच्या खोलीत राहायला आला. हे माझं नशीब चांगलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही. बायकोच्या मते चांगलं. माझं मत दिवसागणिक बदलत आलं आहे, आणि ज्याअर्थी मी हे लिहायला बसलो आहे त्याअर्थी सध्या ते जरा नरम पडलेलं असावं.

कुडव्यात आमचं घर आहे. पुढे माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान, मागे आम्ही दोघं, आणि वर एक खोली. मुलगी लग्न होऊन रायपूरला गेल्यापासून ती खोली आम्ही विद्यार्थ्यांना देतो. विद्यार्थी येतात, पास होतात किंवा नापास होतात, आणि दोन्ही वेळा जाताना बादली विसरून जातात. हा मात्र वेगळा निघाला. बोदलकशाच्या तलावाजवळच्या एका गावातला, पोवार शेतकऱ्याच्या घरातला, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायला आलेला उंच, सडपातळ पोरगा. त्याला कागदोपत्री नाव होतं, चांगलं होतं, पण आमच्या घरात ते कधी कोणी वापरलं नाही. बायको म्हणायची, "वरच्याला चहा नेऊन द्या." मी म्हणायचो, "वरचा आला का?" समोरचे ऑटोवाले भैया तर रस्त्यातूनच हाक मारायचे, "भाभीजी, ऊपरवाला है क्या?" नव्या पाहुण्याला वाटायचं, या गल्लीतले लोक फार धार्मिक आहेत.

आल्या दिवशी त्याच्याकडे तांदळाचं पोतं, एक पिशवी आणि गोधडीत गुंडाळलेली पेटी एवढंच सामान होतं. पेटी गावच्या भजनी मंडळाची. दुरुस्त करून देतो म्हणून त्याने ती आणली होती, आणि आमच्याकडे होता तोवर ती दुरुस्तच होत राहिली. इतर भाडेकरू आधी नळ बघतात, मग संडास बघतात, मग पाणी किती वाजता येतं ते विचारतात. याने जिन्याखालच्या मीटरला कान लावला. बराच वेळ लावला. मीटर जोरात पळतो अशी तक्रार येणार असं वाटून मी आधीच म्हटलं, "मीटर बरोबर आहे बाबू, नवीनच लावला." तो म्हणाला, "बरोबर आहे जी काका, पन बेसूर आहे."

आमच्या कोपऱ्यावर डीपी आहे. शहाणे लोक तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. ती दिवसरात्र घुमते हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं, ते त्याला पहिल्या संध्याकाळी कळलं. खिडकी उघडून तो ऐकत उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बायको चहाचा कप घेऊन तशीच थांबली. "पांढरी पाच," तो म्हणाला, म्हणजे पेटीवरचा सूर. "जराशी चढी आहे. पन मस्त लागली आहे, काकू." त्या दिवसापासून ती डीपी त्याचा तानपुरा झाली. कॉलेजातून आला की खिडकीशी पेटी घेऊन बसायचा, डीपीच्या घुमण्यात आपला षड्ज मिसळायचा आणि तासभर गायचा. मी एकदा म्हटलं, "बाबू, मोबाइलवर तानपुरा मिळते म्हनतेत." तो म्हणाला, "कायले पाहिजे जी? सरकारनं लावून देला आहे ना चौकात." पुढे ती डीपी जळली आणि तिच्या जागी मोठी आली, तेव्हा गल्ली खूश झाली, कारण व्होल्टेज सुधारलं. हा जेवला नाही. नव्या डीपीच्या घशात काहीतरी अडकलं आहे असं त्याचं म्हणणं. त्याने रीतसर तक्रार नोंदवली. एक लाइनमन आला, खांबाखाली उभा राहिला, म्हणाला, "स्पार्किंग आहे का?" हा म्हणाला, "नाई. सूर खराब आहे." लाइनमनने डोक्यावरची टोपी काढली, खूप लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "मले त काईच ऐकू नाई येऊन राहिलं." तेव्हा याने त्याला आधी जुना सूर आणि मग नवा सूर, असे दोन्ही गाऊन दाखवले. लाइनमन आमच्याकडे चहा पिऊन गेला. वर कळवतो म्हणाला. काय कळवलं असेल याची मला अजून उत्सुकता आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे विजेला वीज म्हणत नाहीत. वीज म्हणजे आभाळातून पडते आणि बैल मारते ती. तारेतून येते ती लाइन. लाइन येते, लाइन जाते. आता लाइन म्हणजे रेल्वेचीही लाइन, आणि रेशनच्या दुकानासमोरचीही लाइन. पोरगा शिकायला गेला की लोक विचारतात, "कोनत्या लाइनले टाकला?" आणि पोरगा बसस्टँडवर पोरींकडे बघत उभा राहिला तर तो जे मारतो तीही लाइनच. इतक्या लाइनी असूनही आमचा गोंधळ होत नाही. निदान त्या दिवसापर्यंत झाला नव्हता.

तर, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइनीची बातमी देणं हे खातं वरच्याने आपणहून घेतलं होतं. सबस्टेशनचे ऑपरेटर त्याचे दोस्त. लाइन गेली की पाच मिनिटांत त्याचा आवाज प्रत्येक घरातल्या मोबाइलमधून यायचा, "लाइन गेली. तारेवर फांदी आहे. अर्धा घंटा." आणि लाइन आली की, "लाइन सोडली." तो कधीही ‘आली’ म्हणायचा नाही. सबस्टेशनचे लोक म्हणतात तसं ‘सोडली’ म्हणायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "ते आपल्या मनानं येत नाई काका. कोनीतरी मानूस तिथं बसून सोडते, तवा येते. त्याचं नाव नाई घेत त निदान त्याच्या कामाचं त घ्याव." हे मला पटलं, पण मी तसं दाखवलं नाही. भाडेकरूचं लगेच पटवून घेऊ नये.

राजकारणात त्याला भलताच रस होता, पण कोणत्या बाजूने ते शेवटपर्यंत समजलं नाही. निवडणूक लागली की हा सगळ्या पक्षांच्या सभांना जायचा आणि परत येऊन दुकानाच्या बाकावर बसून अहवाल द्यायचा. अहवालात मुद्दे नसायचे. "मानूस चांगला आहे काका, पन गळ्यातून बोलते, पोटातून नाई बोलत." "याचा माइक चांगला होता, अर्थिंग नव्हती." "तो तिसरा होता ना, त्याचा आवाज शेवटच्या वाक्याले वर चढते. अशा मानसाचा भरोसा नाई." अशा रीतीने त्याने एका निवडणुकीत सगळेच उमेदवार सुरावरून नापास केले आणि मग मतदानाच्या दिवशी गावी जाऊन मत कोणाला दिलं ते सांगितलं नाही. पण त्याची स्वतःची एक मागणी होती. त्यांच्या शेतातून तिरोड्याकडच्या वीज कारखान्याची धुराडी दिसतात. धूर यांच्या डोळ्यांसमोर, आणि शेतातल्या पंपाला मात्र लाइन एक हप्ता दिवसा आणि एक हप्ता रात्री. यावर लोक मोर्चे काढतात. याने मोर्चा काढला नाही. त्याचं म्हणणं एवढंच की, मंत्र्यांच्या बंगल्याला शेतीची लाइन जोडून द्यावी. "काईच तोडफोड नाई कराची, काका. फक्त एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. मंग सगळं आपोआप सुधरते." दुकानात प्रचाराची पत्रकं झेरॉक्स करायला प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते यायचे. हा प्रत्येकाला ही योजना सांगायचा. सगळ्यांनी ती ताबडतोब मान्य केली, आणि तिथेच त्याचा राजकारणावरचा विश्वास उडाला.

संगीताचं त्याचं शास्त्र आणखी वेगळं. गाणं किती चांगलं हे त्याला किती वॅट लागतात त्यावरून ठरतं, आणि ते उलटं. जितके वॅट जास्त तितकं गाणं हलकं. या हिशेबाने दंडार, खडी गंमत ही आमच्याकडची लोकनाट्यं, बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हे सगळं अव्वल, कारण तिथे वॅट शून्य. पेटीला तो शून्य धरत नसे. वाजवणाऱ्याला पोहे लागतात, म्हणून एक प्लेट चनापोहा ही पेटीची वीज. सगळ्यात तळाला डीजे. गल्लीत एका लग्नाला डीजे आला तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब ठोक्यागणिक मिचमिचायला लागला. हा तडक वरातीत गेला आणि डीजेवाल्याला म्हणाला, "भाऊ, तुमचा ठोका आमच्या बल्बात दिसून राहिला." त्या माणसाला ती तारीफ वाटली. त्याने आवाज वाढवला.

घरातल्या यंत्रांनाही सुटका नव्हती. बायको मिक्सरमध्ये चटणी करायला लागली की वरून आवाज यायचा, "काकू, कोमल निषादात ओरडून राहिला जी तो!" असं चार वेळा झाल्यावर तिने पाटा-वरवंटा काढला. माझ्या विसेक वर्षांच्या विनंतीला जे जमलं नव्हतं ते कोमल निषादाने केलं. पाट्यावरची चटणी मी रोज खात होतो आणि वरच्याला शिव्याही देत होतो. दोन्ही एकाच तोंडाने.

एकदा त्याच्या कॉलेजात ऊर्जा सप्ताह होता. वक्तृत्व स्पर्धेचा विषय, ‘ऊर्जाबचत: काळाची गरज’. याने भाषणाची तालीम आठ दिवस माझ्या बायकोसमोर केली, आणि ती मला स्पर्धेला ओढून घेऊन गेली. भाषणाची सुरुवात ऊर्जेने झाली. थोड्याच वेळात ते मंत्र्यांच्या बंगल्यापाशी पोचलं. समोर प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारीच बसले होते, ते हसतमुखाने मान डोलावत होते, बहुतेक ऐकत नसावेत. तिथून गाडी वळली ती माझं आवडतं संगीत या विषयावर, जो त्या दिवशी कोणी दिलेलाच नव्हता. ज्या समाजात नवरदेवाला घोड्यावर बसवायला जनरेटर लागतो तो समाज ऊर्जा काय वाचवणार, असं त्याने विचारलं, आणि नेमकी त्याच क्षणी लाइन गेली. पंखे थांबले, माइक मेला. सभागृहाला वाटलं, सुटलो. पण हा पोरगा पोटातून बोलणारा. माइक बाजूला ठेवून त्याने उरलेलं भाषण शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं, वर माइक नसण्याचे फायदे म्हणून एक नवा मुद्दा जोडला. परीक्षकांनी शेरा दिला की स्पर्धक विषय सोडून बोलला. बक्षीस उत्तेजनार्थ. परत येताना मी म्हटलं, "विषय काऊन सोडला बाबू?" तो सायकल हातात धरून चालत होता. म्हणाला, "सोडला नाई काका. तीनही एकच विषय आहेत ना." मला तेव्हा हसू आलं.

दिवाळीनंतर आमच्या भागात मंडया भरतात. गावोगाव जत्रेसारखी दुकानं लागतात, सोयरे-पाहुणे येतात, आणि वडशाकडच्या नाटक कंपन्यांची झाडीपट्टीची नाटकं होतात. त्या दिवसांत वरचा शनिवारी नाहीसा व्हायचा आणि रविवारी दुपारी लाल डोळ्यांनी उगवायचा. नाटक बघायला जातो असं आम्हाला वाटे. तो नाटक बघतच नव्हता. रंगमंचाशेजारी जिथे ऑर्गनवाला बसतो, त्याच्या मांडीला मांडी लावून हा बसायचा. तो ऑर्गन पायाने भाता मारून वाजवायचा असतो. म्हणजे वॅट शून्य. एका गावी ऑर्गनवाल्याला ताप भरला आणि अर्ध्या नाटकातून हा वाजवायला बसला. नाटक संपल्यावर कंपनीच्या मालकाने त्याला पुढच्या मोसमात येतोस का म्हणून विचारलं. हे त्याने मला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं. बायकोने मला भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि एवढंच म्हणाली, "घरी अजून नाही सांगितलं त्याने. वडिलांना सांगायची हिंमत होत नाही म्हणतो."

न होण्यासारखंच होतं. घरात पहिल्यांदा कोणी इंजिनिअरिंगकडे गेलेलं. बाप गावात सगळ्यांना सांगायचा की पोट्टा लाइनच्या लाइनले आहे. शेवटचं सत्र उरलं होतं. ते झालं की वीज कंपनीची भरती, खांबावर चढायची नाही तर खुर्चीवर बसायची, पण नोकरी. आणि हा म्हणणार की, मी नाटक कंपनीत पेटी वाजवायला जातो. सहा महिने तो ‘या हप्त्यात सांगतो’ म्हणत राहिला. इतका बडबड्या पोरगा, मंत्र्याला न घाबरणारा, बापाचा फोन आला की "हो जी, हो जी, जेवलो जी" याच्या पलीकडे जात नव्हता.

मग वैशाखातलं वादळ आलं. आमच्या गल्लीतला खांब आडवा झाला आणि दीड दिवस लाइन नव्हती. वरचा शिडी धरून लाइनमन लोकांच्या मागे फिरत होता, आणि गल्ली त्याच्या मागे, "कधी सोडता, कधी सोडता" करत. दुसऱ्या दिवशी दुपारी खांब उभा राहिला. तिथूनच याने मोबाइल तोंडाशी धरला आणि घामाघूम आनंदात ओरडला, "लाइन सोडली!" हा आवाज ग्रुपवर गेला. त्याच सकाळी वादळाची चौकशी करायला त्याच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर फोन केला होता, त्यांचं नाव ग्रुपच्या शेजारीच दिसत होतं, पुढे पाठवताना बोट तिथेही लागलं. आवाज त्यांनाही गेला. दोनच शब्द, मागेपुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतो तर बाकावर एक गृहस्थ. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, पायाशी पिशवी, पिशवीतून लाखोळीच्या डाळीचा वास. पहिल्या बसने आलेले.

"आमचा पोट्टा इथंच राहते ना जी?"

मी ओळखलं. या बसा म्हटलं, पाणी दिलं. पोरगा कॉलेजात गेला होता. त्यांनी पाण्याचा गिलास हातात धरला, प्यायले नाहीत. झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला होता तो मी ओढत होतो, तेव्हा मागून त्यांनी विचारलं, "मंग... सोडलीच का त्यानं लाइन?"

"सोडली ना जी!" मी कागद ओढता ओढता म्हटलं. "कालच सोडली. गजब मेहनत केली पोट्ट्यानं. आख्खी गल्ली खूश आहे."

"गल्ली खूश आहे?"

"खूश म्हनजे? आमच्या घरी शिरा केला."

मागे गिलास बाकावर टेकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "तुमीच सांगतलं का जी त्याले, सोड म्हनून?"

"सांगाले कायले पाहिजे? दीड दिवस सारे त्याच्या मागंच लागलो होतो, कवा सोडतो, कवा सोडतो."

कागद निघाला म्हणून मी वळलो. त्या माणसाचा चेहरा बघून मला काही कळेना. गिलास त्यांनी बाकावर ठेवला होता आणि ते माझ्याकडे असे पाहत होते की मी त्यांच्या घरात घुसून काहीतरी उचलून आणलं आहे. "आमी माळव्याहून आलेले लोक," ते म्हणाले, पोवारांना इकडे येऊन काही शे वर्षं झाली तरी जणू मागच्याच आठवड्यात आले असावेत. "आमच्या घरी कोनी धरलेलं सोडत नाई जी. तुमी चांगले लोक म्हनून ऐकलं, तवा पोट्टा ठेवला होता."

तेवढ्यात बायको बाहेर आली. तिने दोघांची तोंडं पाहिली, चार प्रश्न विचारले, आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. हसू आवरल्यावर तिने आपल्या मोबाइलवर ग्रुप उघडला. "लाइन गेली. खांब पडला." "लाइन अजून नाई." "लाइन सोडली!" एकेक आवाज त्यांना ऐकवला. तिसऱ्या आवाजाला त्यांच्या ध्यानात आलं. आधी ते नुसते बघत राहिले, मग हसायला लागले, आणि हसता हसता दुपट्ट्याने डोळे पुसायला लागले. पाणी प्यायले, चहा प्यायले, आणखी एक चहा प्यायले. "मले वाटलं, पोट्ट्यानं शिक्षनच सोडून देलं," असं त्यांनी आम्हाला चार वेळा सांगितलं. मीही खूप हसलो. पण हसताना मनात आलं, या माणसाच्या गावात रोज लाइन जाते आणि रोज कोणीतरी सोडतं. त्याला ‘लाइन सोडली’चा साधा अर्थ कळू नये? ज्याची भीती मनात आधीच बसली होती तोच अर्थ त्यांना ऐकू आला होता. म्हणजे कानाच्या बाबतीत पोरगा बापावरच गेला होता.

दुपारी वरचा आला. दारात सायकल, खांद्याला पिशवी, आणि समोर वडील हसत बसलेले. मी मोठ्या उत्साहाने सगळी गंमत सांगितली. तो हसला नाही. वडील म्हणाले, "काय पोट्टा आहेस बे तू! माहा जीव घेतला असतास. म्हनजे लाइन नाई सोडली ना?"

त्या वेळी ‘नाई’ म्हणून टाकणं सगळ्यात सोपं होतं. बाप हसत होता, पिशवीत डाळ होती, बायकोने चार माणसांचा भात टाकला होता. मी स्वतः त्याला डोळ्यांनी खुणावलं की नाही म्हण, आज नको. त्याने सायकल भिंतीला लावली, आत आला, वडिलांसमोर खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "काल नाई सोडली, बाबूजी. पन सोडाची आहे."

त्या दोघांचं बोलणं फार थोडं झालं. मी उठून जायला हवं होतं, पण दुकान माझंच, जाणार कुठे.

"मंग कोनत्या लाइनले जातो?"

"पेटीच्या. नाटक कंपनीत."

"त्याले लाइन म्हनतेत का?"

तो पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. एरवी त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला वॅटमध्ये उत्तर असे. वडिलांनी दुपट्टा काढून मांडीवर घेतला, त्याची घडी केली, परत उलगडली.

"पेपर कवा आहेत?"

"पुढच्या महिन्यात."

"देजो."

"देतो जी."

"पास होजो."

"हो जी."

मग सगळे जेवलो. लाखोळीच्या डाळीचं कौतुक जरा जास्तच झालं. तीनच्या बसला मी त्यांना स्कूटरवर सोडायला गेलो. स्टँडवर बस लागली होती, तरी चढायचं सोडून ते माझ्यापाशी उभे राहिले. म्हणाले, "नाई म्हनला असता त मी घरी जाऊन मस्त झोपलो असतो जी. समोर बसून खरं बोलला. त्याचाच राग येऊन राहिला." आणि बसमध्ये चढून गेले. खिडकीशी जागा होती, पण बसले पलीकडे.

वरच्याने पेपर दिले. चांगला पास झाला, पेढे त्याने आणले नाहीत, बायकोने आणले. दसऱ्यानंतर तो वडशाला गेला. जाताना खोली झाडून पुसून दिली, बादली आठवणीने घेऊन गेला, दोघांच्या पाया पडला. पेटी गावी पोचवली म्हणाला. माझा अजून विश्वास नाही. वडिलांचं काय, असं बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "बोलतेत काकू. धान कसं आहे ते सांगतेत. दुसरं काई इचारत नाई." हे सांगताना तो नेहमीच्या वरच्या पट्टीत बोलत नव्हता.

आता वर एक बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा राहतो. शांत आहे, कानात काहीतरी घालून असतो, वेळेवर दार लावतो. तक्रारीला जागा नाही. मला वरच्याची आठवण येते, हे सरळच सांगून टाकतो. सगळं घर एका मुलाने इतकं भरलेलं असतं हे तो गेल्यावर कळतं, आणि ते मुलीच्या वेळी एकदा कळून चुकलं असूनही मी परत तिथेच आलो.

दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील, दुकानात फोन आला. त्याचे वडील. प्रकृती विचारली, धान कापणीला आलं म्हणाले, काकूंना नमस्कार सांगितला. मग म्हणाले, "बुधवारी आमच्या गावची मंडई आहे. तुमी दोघंही या. मुक्कामालेच या."

मंडईचं बोलावणं सोयऱ्यांना जातं. भाड्याच्या खोलीच्या मालकाला कोणी मंडईला बोलावलेलं मी ऐकलेलं नाही. मी विचारलं, "नाटक आहे का जी? कोनतं आहे?"

"नाव त मले ध्यानात नाई," ते म्हणाले. "मंडळानं वडशाची कंपनी आनली. मीच म्हनलो, तेच आना म्हनून." आणि मग, अगदी हळू, जवळ कोणी ऐकत असावं अशा आवाजात, "पेटी आपल्या पोट्ट्याची आहे."

मी "येतो जी" म्हणालो आणि फोन ठेवला. त्यांनी ‘आमच्या पोट्ट्याची’ म्हटलं नव्हतं, ‘आपल्या’ म्हटलं होतं. समोर एक गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून उभं होतं, त्याला मी जरा थांब म्हटलं आणि बायकोला सांगायला आत गेलो.